शिवणकामाचा धंदा आणि घरच्या मजुरीचा हिशेब
(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



या पानावर आम्ही आजवर बेणे, लागण, पाण्याच्या पाळ्या, खोडव्यातले पाचट, हुमणी अशाच विषयांवर लिहीत आलो. या खेपेस शिवणाच्या मशीनवर लिहीत आहोत हे पाहून कोणी म्हणेल, शेतकी खात्याला आता दुसरे काम उरले नाही काय? कारण असे की, ऊसनोंदीसाठी आणि प्लॉट पाहणीसाठी आम्ही घरोघर जातो. सोप्यात बसून चहा घेतो. आणि जवळजवळ प्रत्येक वाडीत दोन-चार घरी कोपऱ्यात एक पायमशीन दिसते. त्यावर जुन्या साडीचे झाकण, झाकणावर मोबाईलचा चार्जर, औषधाची बाटली, लाईटचे बिल. मशीन आहे, शिवता येणारी बाई घरात आहे, आणि तरी धंदा नाही. असे का, हा प्रश्न आम्हाला बरीच वर्षे पडलेला आहे. त्यातून जे समजले ते भगिनींपुढे ठेवतो. बंधूंनीही वाचावे. कारण यातला निम्मा दोष त्यांच्याकडे येतो.

प्रथम आमची स्वतःची चूक सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी एका गट ऑफिसात आम्ही पुढाकार घेऊन तीन महिन्यांचा शिवणवर्ग चालवला. वीस भगिनी शिकल्या, अनुदानातून वीस मशीन आल्या, हार-तुरे झाले, फोटो निघाले. आम्हीही खूष. वर्षाने त्याच गावांतून लागण पाहत फिरताना सहज मोजल्या, तर चालू मशीन सहा. बाकीच्या चौदांची कारणे विचारली. एकीच्या मशीनचा पट्टा तुटला होता आणि मिस्त्री तालुक्याच्या गावी, म्हणून तीन महिने मशीन बंद, नंतर सवय मोडली. काहींना वर्गात झबले, टोपडे, परकर एवढेच शिकवले होते. गावात मागणी ब्लाऊजची, आणि दुसऱ्याच्या कापडाला कात्री लावायचे धाडस होईना. पण सर्वांत जास्त ऐकू आलेले उत्तर निराळेच होते : "परवडत न्हाई साहेब, नुसती पाठ मोडते." लागवडीचे तंत्र शिकवायचे आणि उत्पादनखर्च काढायला शिकवायचे नाही, असे उसाच्या बाबतीत आम्ही कधी केले नसते. शिवणाच्या बाबतीत मात्र नेमके तेच केले.

म्हणून यंदा चालू मशीनवाल्या एका भगिनीकडे आम्ही वही-पेन आणि घड्याळ घेऊन बसलो. नाव छापत नाही. घरची जमीन दोन एकर, एक आडसाली प्लॉट, एक खोडवा. बाईंचा हात चांगला आहे. मुंढ्याला चुणी पडत नाही, गळ्याला उरेब पट्टी बसते तशीच बसते. अस्तराच्या ब्लाऊजला त्या १५० रुपये शिलाई घेत होत्या. एका ब्लाऊजला लागलेला वेळ आम्ही टिपला तो असा : माप घेणे आणि गळा कसा हवा याची बोलणी १५ मिनिटे, कापड व अस्तर बेतणे ३५, मशीनवर ८५, हूक, आकडे व हातशिलाई ४०, इस्त्री व घडी १०, आणि बाई घालून बघून गेल्यावर बगलेला थोडे दाबून देणे १५. एकूण २०० मिनिटे, म्हणजे ३ तास २० मिनिटे. मध्ये दूध आले, शेळी सुटली, पोरगे शाळेतून आले, तो वेळ आम्ही धरलेलाच नाही.

आता खर्च. दोरा ६ रुपये, हूक ४, गळ्याचा कॅनव्हास ८, वीज-तेल-सुई ४, मशीनची झीज व दुरुस्ती ८. एकूण ३० रुपये. अस्तर गिऱ्हाईकाचे. दीडशेतून तीस वजा जाता १२० रुपये उरले. आठ तासांच्या दिवसाला हे २८८ रुपये पडतात. २०२५-२६ साली आपल्या राज्यात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे स्वतःची मशीन, स्वतःची जागा आणि अंगात हुन्नर असलेली बाई मातीकामापेक्षा कमी मजुरीवर बसली होती.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण वहीत पूर्ण महिना उतरवला तेव्हा खरी गोम कळली. त्या महिन्यात ३४ ब्लाऊज शिवले. त्यांपैकी ७ नात्यातले, म्हणजे फुकट. उरलेल्या २७ पैकी ६ उधारीवर. रोख आले २१ ब्लाऊजचे ३,१५० रुपये. खर्च मात्र चौतीसच्या चौतीस ब्लाऊजना झाला, १,०२० रुपये. हाती राहिले २,१३०. वेळ गेला ११३ तासांवर. भागाकार करा. तासाला १९ रुपयेसुद्धा पडत नाहीत. उधारी सगळी वसूल झाली असे धरले तरी २७ रुपयांच्या आतच. हा आकडा आम्ही मोठ्याने वाचला तेव्हा बाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "वहीत लिवायलाच नको हुतं."

आम्हाला ते बोलणे लागले. कारण शेतकऱ्याला हिशेब दाखवल्यावर तोही नेमके असेच म्हणतो.

येथे उसाचाच दाखला देतो. आपल्या उसाचा एफआरपी ठरतो तेव्हा केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग उत्पादनखर्च काढतो, आणि त्या खर्चात घरच्या माणसांनी शेतात केलेल्या कामाची मजुरी धरलेली असते. २०२५-२६ हंगामासाठी हा खर्च क्विंटलला १७३ रुपये धरला होता आणि १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी ३५५ रुपये जाहीर झाला. दर पुरतो की नाही यावर आपली भांडणे असतात, ती असोत. मुद्दा इतकाच की, घरच्या माणसाची मजुरी ही मजुरी आहे हे उसाच्या बाबतीत सरकारने कागदावर मान्य केले आहे. त्याच घरात मशीनवर बसलेल्या बाईची मजुरी मात्र कोणीच धरत नाही. नवरा धरत नाही, सासू धरत नाही, गिऱ्हाईक धरत नाही, आणि खुद्द बाईही धरत नाही. "घरी बसून तर करते" असे म्हटले की विषय संपतो.

तेव्हा भगिनींनी पहिले काम करावे ते वहीचे. शंभर पानी वही पुरते. तारीख, नाव, वस्तू, लागलेली मिनिटे, खर्च, शिलाई, जमा, बाकी, असे आठ रकाने आखावेत. मिनिटांचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आणि तोच सगळ्या गाळतात. त्याच वहीच्या मागल्या बाजूने गिऱ्हाईकांची मापे लिहावीत : उंची, छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाहीची लांबी, दंडघेर, पुढचा गळा, मागचा गळा, आणि माप घेतल्याची तारीख. तारीख यासाठी की, बाळंतपणानंतर किंवा आजारपणात माप बदलते. जुन्या मापावर बेतून कापड वाया गेल्याची दोन उदाहरणे आमच्याच पाहणीत आली. जुने गिऱ्हाईक म्हणजे खोडवा समजावे. लागणीचा खर्च नाही, माप तयार आहे, आवड माहीत आहे. पण खोडव्याकडे आपण जसे दुर्लक्ष करतो तसेच जुन्या गिऱ्हाईकाकडेही होते. नव्या बाईचे काम आधी, घरातल्यासारखी म्हणून जुनीचे मागे.

दर किती असावा? आम्ही काढलेली रीत सोपी आहे. आधी स्वतःच्या तासाची किंमत ठरवावी, निदान रोजगार हमीच्या मजुरीपेक्षा खाली नाही. हुन्नराचे त्यावर काहीतरी जास्त. लागलेले तास गुणिले ती किंमत, अधिक वस्तूचा खर्च. वरच्या भगिनीच्या ब्लाऊजला २२० रुपये घेतले तर दिवसाला ४५६ रुपये पडतात. आमचा सल्ला तोच होता. त्यांनी मात्र २०० केले. "एकदम एवढं कसं मागू" म्हणाल्या. पुढे काय झाले तेही सांगतो. पाच गिऱ्हाईके तुटली. त्यांतली तीन दिवाळीच्या आधी परत आली, दोन आली नाहीत. सासूबाई महिनाभर रागावून होत्या, कारण तुटलेल्यांपैकी एक त्यांच्या माहेरची. काम थोडे कमी झाले, पैसे कमी झाले नाहीत. नात्यातल्यांसाठी बाईंनी स्वतःच एक तोड काढली, ती आम्हाला सुचली नव्हती : शिलाई माफ, पण अस्तर, दोरा, हूक ज्याचे त्याने आणायचे. त्यामुळे नाते राहिले आणि नुसते "बघ जमलं तर" म्हणून टाकून जाणाऱ्यांची संख्याही आपोआप घटली.

उधारीचा विषय आपल्या कारखान्याशी थेट बांधलेला आहे म्हणून जरा थांबून लिहितो. गावात शिलाईची उधारी कशी मागितली जाते? "उसाचं बिल आलं की देते." ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज लागते. ऊस उत्पादकाला हे संरक्षण आहे. त्याच उत्पादकाच्या घरच्या ब्लाऊजची शिलाई सहा महिने थकली तर शिवणाऱ्या बाईला कसले व्याज? बिल खात्यावर जमा होते, सोसायटीची वसुली कापली जाते, खताचे दुकान मिटवले जाते, आणि दीडशे रुपयांची शिलाई मागायला बाईला लाज वाटते. सभासद बंधूंना विनंती आहे, पुढचे बिल निघेल त्या दिवशी घरात विचारावे, शिवणाचे कोणाचे देणे आहे का. रक्कम लहान असते म्हणूनच ती राहते. भगिनींनीही निदान एवढे ठरवावे की, अर्धी शिलाई कापड घेतानाच घ्यायची. कापड बेतले की ते दुसऱ्याच्या अंगाला येत नाही, हे गिऱ्हाईकालाही कळते.

तुकड्यावर मिळणाऱ्या कामाबद्दल सावध करणे आमचे कर्तव्य आहे, कारण तेथे आमचाच शब्द गुंतला होता. मघाच्या वर्गातल्या सहा भगिनींना आम्ही शहरातल्या एका व्यापाऱ्याकडून परकर शिवण्याचे काम मिळवून दिले. पहिले दोन गठ्ठे गेले, पैसे आले. तिसरा गठ्ठा गेला आणि निरोप आला की शिलाई उसवते, माल पडून आहे. माल परत मिळाला नाही, पैसेही मिळाले नाहीत. आम्ही दोनदा जाऊन आलो. कागद काहीच नव्हता. नग किती, दर काय, टीप किती बारीक हवी, सगळे तोंडी. भगिनी आम्हाला काही बोलल्या नाहीत, पण तेव्हापासून चहाला बोलावताना जरा कमी आग्रह करतात. तेव्हा असे काम घेताना दोन पावत्या करून एक आपल्याकडे ठेवावी, त्यावर नग, दर, तारीख आणि पैसे देण्याची मुदत असावी. आणि पसंत पडलेला एक नमुना दोघांच्या सहीच्या चिठ्ठीसह आपल्याजवळ बांधून ठेवावा. मग वाद झाला तर नमुन्याशी माल ताडून पाहता येतो.

हा अनुभव आपल्याच भागातला आहे असे मुळीच नाही. अहमदाबादेत गिरण्यांच्या चिंध्या जोडून गोधडीच्या खोळी शिवणाऱ्या बायांचे दुखणे हेच होते. काम घरी, मशीन आपली, दर व्यापाऱ्याचा. इलाबेन भट्ट यांनी १९७२ साली स्थापलेल्या 'सेवा' या संघटनेत अशा बाया एकत्र आल्या, दरासाठी भांडल्या, आणि पुढे त्यांनी स्वतःची सहकारी संस्था काढली. १९७४ मध्ये तर 'सेवा'च्या सुमारे चार हजार बायांनी दहा-दहा रुपयांचे भाग घेऊन बँक उभी केली. दहा रुपयांच्या भागाची ताकद सहकारी कारखान्याच्या सभासदाला समजावून सांगायला नको. जवळचे उदाहरण हवे असेल तर सातारा जिल्ह्यातले म्हसवड घ्या. तेथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. भागधारक बाया निरक्षर आहेत म्हणून आधी परवाना नाकारला गेला होता. बायांनी अक्षरे शिकली, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवू असे अधिकाऱ्यांनाच आव्हान दिले. हिशेब बायकांना जमत नाही असे जे म्हटले जाते त्याला एवढे उत्तर पुरे.

गावातच मिळू शकणारे मोठे काम म्हणजे शाळेचे गणवेश. २०२४-२५ साली राज्यात एकच गणवेश देण्याचे ठरून कापड वरून आले आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे गेली. गणवेश अनेक शाळांत उशिरा पोचले, पोचले ते कित्येक मुलांच्या मापाचे निघाले नाहीत. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले. बायांना शिवता येत नव्हते असा याचा अर्थ नव्हे. मुलाच्या अंगाचे माप न घेता दुरून ठरवलेल्या आकाराचे कापड हातात आले की उत्तम कारागीरही काय करणार? समिती गावातली, मुले गावातली, शिवणारी गावातली असेल तर प्रत्येक पोराचे माप घेता येते. समग्र शिक्षा योजनेत कापड व शिलाई मिळून एका गणवेशामागे ३०० रुपयांचा हिशेब धरला गेला आहे. त्यात कापड नीट घेतले तरच शिलाईला काही उरते. म्हणून पाच-सहा जणींनी मिळून इचलकरंजी किंवा सोलापूरकडे घाऊक भावाची चौकशी करावी, बेतण्याचे काम एका जागी एकीच्या देखरेखीखाली करावे, टिपा मारण्याचे वाटून घ्यावे, काज-बटण तिसरीने करावे. समितीकडे जायचे ते फेब्रुवारी-मार्चमध्ये. जूनमध्ये गेल्यास उपयोग नाही. आणि आठवड्याला आपल्या हातून किती नग निघतात हे वहीतून काढूनच शब्द द्यावा.

दुसरे एक लहान काम आमच्या पाहण्यात आले. भांगलणीला आणि तोडीला जाणाऱ्या बाया पात्याने हात कापू नयेत म्हणून साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात. एका भगिनीने जुन्या जीन आणि शर्टांच्या कापडातून मनगटाला व दंडाला रबर घालून नुसत्या बाह्या शिवल्या. हंगामात त्या चांगल्या खपल्या. कापड फुकट, वेळ वीस मिनिटे. अशी आणखी कामे शोधली तर सापडतील.

मशीनविषयी थोडेसे. रोज काम सुरू करण्यापूर्वी दातांखालची धूळ-कचरा ब्रशने काढावा, तेलाचे थेंब द्यावेत आणि चिंधीवर दोन टिपा मारून पाहाव्यात. खालच्या अंगाला दोऱ्याचे फास दिसले तर दोष बहुधा वरच्या दोऱ्याच्या ताणात असतो. बॉबिनचा स्क्रू उगाच फिरवू नये. टीप सुटत असेल तर आधी सुई बदलावी. साध्या सुती कापडाला १४ नंबर, रेशमी पातळ कापडाला ११, जीनला १६ किंवा १८. एक जादा पट्टा आणि सुयांचे पाकीट घरात असावेच. सुती अस्तर भिजवून, वाळवून मगच बेतावे. पहिल्या धुण्यात ब्लाऊज आवळतो तो बहुतेक वेळा अस्तर आटल्यामुळे, आणि नाव मात्र शिवणारीचे जाते. बगलेला इंचभर माया सोडली तर पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक उसवून घ्यायला येते, त्याचेही पैसे घ्यावेत.

कर्जाबाबत विचारणा होते. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षण, प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये, साहित्यासाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाखापर्यंत व ते फिटल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तिची आखणी झाली. लाभ एका कुटुंबात एकालाच. म्हणून अर्ज घरातल्या कोणत्या नावाने करायचा हे आधी ठरवावे. जी मशीनवर बसते तिच्याच नावाने, आणि खातेही तिचेच असावे, हे आम्ही स्पष्ट लिहितो. नोंदणीच्या चालू अटी सेवा केंद्रात विचारून घ्याव्यात. मात्र सहा महिन्यांची वही तयार नसताना कर्ज काढून मोटरची दुसरी मशीन आणू नये. पहिल्या मशीनवर तासाला एकोणीस रुपये पडत असतील तर दुसरीने ते वाढत नाहीत, हप्ता तेवढा वाढतो.

वहीचे आखलेले नमुने सर्व गट ऑफिसांत ठेवले आहेत, चिटबॉयकडे मागितले तरी मिळतील. तालुक्याच्या मिस्त्रींशी आम्ही बोललो आहोत. महिन्यातून एक दिवस ते प्रत्येक गट ऑफिसात बसतील, दिवस फलकावर लिहिला जाईल. मशीनचे डोके तेवढे काढून पोत्यात गुंडाळून आणावे, स्टँड आणण्याची गरज नाही. मजुरी ज्याची त्याने रोख द्यावयाची आहे. मिस्त्रींकडेही उधारी चालणार नाही.